कामपिशाची आणि नायकाची संमती

१

अद्भुतरम्य साहसकथेत खलपुरुषाचे कार्य सामान्यतः उघड असते. तो राजकन्या पळवतो, राज्य बळकावतो, नायकाची वाट अडवतो. नायक त्याच्याशी झुंजतो आणि विजयी होतो. संघर्षाची रेषा दोन देहांच्या मधोमध आखलेली असते. युरोपीय दैत्यशास्त्रात 'सक्युबस' या नावाने ओळखली जाणारी कामपिशाची या कथेत खलनायिका म्हणून प्रवेश करते, तेव्हा मात्र ही रेषा नायकाच्या अंतरंगात सरकते. तिला गडाचे दार फोडावे लागत नाही. ते आतून उघडले जाते. तिच्या संदर्भातील कळीचा प्रश्न त्यामुळे 'ती किती दुष्ट आहे' हा नसून, 'दार उघडणाऱ्याचे कथेत पुढे काय होते' हा आहे.

स्त्रीवादी समीक्षेने या प्रतिमेवर घेतलेला आक्षेप सर्वपरिचित आहे. पुरुषाला स्वतःच्या वासनेचे वाटणारे भय स्त्रीदेहावर आरोपित केले जाते आणि त्या देहाचा वध हाच भयमुक्तीचा मार्ग ठरतो, असा तो आक्षेप आहे. तो योग्य असला तरी अपुरा आहे. कारण या निकषावर सर्व कामपिशाचीकथा एकाच मापाने मोजल्या जातात आणि त्यांच्यातील गुणात्मक भेद हाती लागत नाहीत. ते भेद पाहायचे तर कथेच्या रचनेकडे वळावे लागते.

व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ साली रशियन परीकथांच्या रूपबंधाचे विश्लेषण करताना एकतीस प्रकार्ये सांगितली. त्यांपैकी सहावे खलपात्राने केलेल्या फसवणुकीचे, तर सातवे त्या फसवणुकीला बळी पडून नकळत शत्रूलाच साहाय्य करणाऱ्याच्या सहभागाचे आहे. आठव्या प्रकार्यात प्रत्यक्ष अपकार घडतो. बहुतेक साहसकथा सातव्या प्रकार्यावरून झपाट्याने पुढे जातात. नायकाने विषारी फळ खाल्ले की ते प्रकरण तेवढ्यावर संपते. कामपिशाचीच्या कथेचे सारे नाट्य मात्र या सातव्या प्रकार्यातच साठलेले असते. तिथे बळी पडणे आणि साथ देणे यांतील सीमा पुसट होते. ती पुसट सीमा जपणारी कथा आणि घाईने मिटवून टाकणारी कथा, असा या वाङ्मयप्रकारातील खरा भेद आहे.

२

या प्रतिमेचा उगम पाहिला तर एक विसंगती लक्षात येते. 'सक्युबस' ही मध्ययुगीन लॅटिन संज्ञा 'खाली निजणे' या अर्थाच्या धातूवरून आली आहे. तिचा अर्थ स्त्रीरूपधारी असला तरी व्याकरणदृष्ट्या तिचे रूप पुल्लिंगी आहे. हा केवळ व्याकरणाचा अपघात मानता येत नाही. तेराव्या शतकात टॉमस अक्वायनस यांनी केलेल्या मांडणीनुसार सैतानी शक्तींना स्वतःचा नैसर्गिक देह नसतो. एकच दैत्य पुरुषापुढे स्त्रीरूपाने आणि स्त्रीपुढे पुरुषरूपाने प्रकट होऊ शकतो. म्हणजे स्त्रीत्व हा तिथे वेष आहे, स्वभाव नव्हे. याच परंपरेत दुसरा सिद्धान्तही ठामपणे मांडलेला आहे: सैतान मोह घालू शकतो, परंतु मानवी इच्छाशक्तीला पापाची सक्ती करू शकत नाही. पाप घडते ते माणसाच्या संमतीने, आणि त्याचे उत्तरदायित्वही माणसाचेच राहते.

या दोन सिद्धान्तांचा पुढील प्रवास उलट दिशेने झाला. १४८६ च्या सुमारास छापल्या गेलेल्या 'मॅलिअस मॅलेफिकारम' या चेटकीणविरोधी ग्रंथात दैत्यापेक्षा स्त्रीच आरोपी म्हणून पुढे आली आणि तिची कथित अतृप्त वासना हेच सैतानाचे प्रवेशद्वार ठरवले गेले. वेष होता तो स्वभाव झाला. त्याचबरोबर भुललेल्या पुरुषाच्या संमतीचा प्रश्न मागे पडत गेला. आधुनिक साहसकथेला कामपिशाचीचा जो वारसा मिळाला, तो या दुहेरी स्थित्यंतरानंतरचा आहे.

३

अठराव्या शतकातील दोन कृतींमध्ये जुना प्रश्न अद्याप जिवंत दिसतो. झाक काझोत यांच्या 'प्रेमात पडलेला सैतान' (१७७२) या फ्रेंच कथेत अल्व्हारो हा तरुण स्पॅनिश अधिकारी नेपल्सजवळच्या भग्नावशेषांत कुतूहलापोटी स्वतःच सैतानाला आवाहन करतो. सैतान प्रथम उंटाच्या भयंकर मस्तकाच्या रूपाने, मग कुत्र्याच्या, मग सेवकाच्या आणि अखेर बिऑन्डेटा या तरुणीच्या रूपाने त्याच्या सहवासात राहतो. त्झ्वेतान तोदोरोव यांनी १९७० च्या आपल्या सुप्रसिद्ध विवेचनात विलक्षण साहित्याचा गाभा द्विधावस्थेत शोधला, तेव्हा त्यांच्यासमोर आरंभीचे उदाहरण याच कथेचे होते. ही स्त्री आहे की सैतान, ही अल्व्हारोची द्विधा त्यांनी नेमकी टिपली. मात्र तिच्या तळाशी आणखी एक द्विधा आहे. बिऑन्डेटा कोण आहे हे अल्व्हारोला पूर्णपणे विसरता येत नाही, कारण तिला बोलावणारा तोच आहे. न कळणे आणि कळून घ्यायचे टाळणे यांमध्ये तो घोटाळत राहतो.

मॅथ्यू लुईस यांच्या 'द मंक' (१७९६) या कादंबरीत ॲम्ब्रोसिओ हा लोकप्रिय धर्मोपदेशक ज्या मॅडोनाच्या चित्रावर एकांतात लुब्ध होतो, त्याच चेहऱ्याची माटिल्डा त्याच्यापुढे येते. ती प्रथम मठातील शिकाऊ तरुणाच्या वेषात असते, नंतर स्त्रीरूपात. ती मानवी नव्हतीच, तर ॲम्ब्रोसिओची ओढ ओळखून पाठवलेला एक दुय्यम दैत्य होती, हे अखेरीस सैतान सांगतो. मात्र या गौप्यस्फोटाने ॲम्ब्रोसिओची सुटका होत नाही. सैतान त्याच्यापुढे त्याच्याच अपराधांचा पाढा वाचतो. खलनायिकेचे अमानुषत्व येथे नायकाविरुद्धचा पुरावा बनते. कारण जो चेहरा तिने घेतला तो त्याच्याच वासनेने आधी निवडलेला होता.

४

विसाव्या शतकात ही प्रतिमा अमेरिकन नियतकालिकांतील साहसकथेत आली तेव्हा तिच्यावर एक नवे रचनात्मक बंधन पडले. या कथांचा नायक बहुधा मालिकेचा नायक असे. पुढील कथेत नव्या साहसासाठी त्याला निष्कलंक परतावे लागे. त्याच्या संमतीचा हिशेब लांबवणे मालिकेला परवडणारे नव्हते. सर्व दोष खलनायिकेच्या प्रेताबरोबर मागे टाकून नायकाने पुढे निघावे, हा संकेत त्यातून दृढ झाला. पुरुषी पूर्वग्रहाइतकेच प्रकाशनव्यवहाराचे हे गणितही त्यामागे आहे.

या पार्श्वभूमीवर सी. एल. मूर यांची 'शाम्ब्लो' ही कथा असामान्य ठरते. ती 'वीअर्ड टेल्स'च्या नोव्हेंबर १९३३ च्या अंकात आली. कॅथरिन ल्युसील मूर या तेव्हा एका बँकेत सचिव म्हणून नोकरी करणाऱ्या तरुण लेखिका होत्या. केवळ आद्याक्षरांमुळे अनेक वाचकांनी त्यांना पुरुष समजले. कथेतील प्राणी 'सक्युबस' या नावाने येत नाही, पण सुखाच्या वाटेने माणसाची जीवनशक्ती शोषणारा तो तिचाच वंशज आहे.

मंगळावरील एका वसाहतीत खवळलेला जमाव एका तरुणीच्या मागे लागला आहे. नॉर्थवेस्ट स्मिथ हा अंतराळातील भटक्या गुन्हेगार नायक तिला पाठीशी घालतो आणि ती आपली असल्याचे जाहीर करतो. ते ऐकताच जमावाच्या क्रोधाची जागा किळस घेते आणि लोक पांगतात. या प्रसंगाची योजना अर्थपूर्ण आहे. नायकाची पहिली संमती वासनेची नाही. ती साहसकथेने सदैव गौरवलेल्या शौर्याची आणि संरक्षणाची आहे; परंतु तिची भाषा स्वामित्वाची आहे. नायकत्वाचा सर्वांत उजळ संकेतच येथे विनाशाचे दार उघडतो. जमावाला जे ठाऊक आहे ते नायकाला ठाऊक नाही, आणि विचारण्याची गरजही त्याला भासत नाही.

पुढे तिच्या शिरोवेष्टनाखालील केस म्हणजे वळवळणारे लाल तंतू आहेत हे उघड होते आणि स्मिथ त्यांच्या विळख्यात सापडतो. मूर यांचे निवेदन या ठिकाणी विलक्षण प्रामाणिक आहे. किळस आणि परमानंद ही दोन्ही एकाच क्षणी, एकाच जाणिवेत नांदतात. एकाने दुसऱ्याला खोटे ठरवले जात नाही. हा अनुभव नायकावर लादलेला आहे आणि तरीही त्याचा स्वतःचा आहे, हे वाचकाला एकाच वेळी स्वीकारावे लागते. सुटका स्मिथच्या पराक्रमाने होत नाही. त्याचा शुक्रवासी मित्र यारोल आरशातील प्रतिबिंबाच्या आधाराने त्या प्राण्याचा वध करतो. मेदूसेच्या पुराणकथेचा धागा येथे उघड आहे, आणि कथेतच त्या मिथकाचे मूळ या प्राण्यांत असल्याचे सुचवले जाते. मात्र पर्सियसची भूमिका मित्राकडे जाते आणि नायक पाषाण झालेल्यांच्या रांगेत उभा राहतो.

कथेचा शेवट सर्वांत महत्त्वाचा आहे. पुन्हा असा प्राणी भेटला तर तत्काळ ठार करावे, असे वचन यारोल मागतो. स्मिथचे उत्तर ठाम नसते. प्रयत्न करीन, इतकेच तो डळमळत्या स्वरात म्हणतो. खलनायिका मेली आहे, परंतु सातवे प्रकार्य संपलेले नाही. मालिकेच्या संकेताप्रमाणे नायक जिवंत परततो, पण निष्कलंक परतत नाही.

५

उत्तरकालीन अद्भुत साहित्याने मूर यांचा हा वारसा अल्प प्रमाणात घेतला. अधिक प्रभाव पडला तो 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या भूमिकाखेळाचा. त्याच्या १९७६ च्या पुरवणीत आणि पुढे १९७७ च्या राक्षससूचीत सक्युबसची नोंद झाली. तिच्या चुंबनाने बळीची एक पातळी घटते, असा तेथील नियम आहे. तिच्या मोहिनीला बळी पडायचे की नाही हे फाशांचे दान ठरवते. अक्वायनस यांच्या विचारात जी जागा इच्छाशक्तीची होती ती येथे आकड्याने घेतली. दान चुकले तर खेळाडूकडे दोष राहत नाही. खेळ म्हणून हा नियम सोयीचा आहे. परंतु त्याच मुशीतून घडलेल्या कथांत मोह हे केवळ एक शस्त्र बनते, आणि विषारी बाणापेक्षा त्याचा अर्थ अधिक उरत नाही.

याच खेळाच्या २०१४ च्या राक्षससूचीत सक्युबस आणि तिचे पुरुषरूप 'इन्क्युबस' यांची एकत्र नोंद झाली आणि दोघेही परस्परांचे रूप घेऊ शकतात असे मानले गेले. स्त्रीत्व पुन्हा वेष झाले. नकळत मध्ययुगीन सिद्धान्त परतला. त्याचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे संमतीचे उत्तरदायित्व, मात्र परतला नाही. 'लॉस्ट गर्ल' (२०१०) या कॅनडियन दूरचित्रवाणी मालिकेसारख्या कृतींनी सक्युबसला थेट नायिका केले. तिच्यावरील कलंक पुसण्याचा हेतू स्तुत्य असला तरी खलनायिकेची पाटी बदलल्याने भुलणाऱ्याच्या सहभागाचा प्रश्न आपोआप सुटत नाही.

६

हा प्रश्न ख्रिस्ती पापकल्पनेतूनच जन्मतो, असा आक्षेप संभवतो. त्याचे उत्तर बौद्ध कथापरंपरेत मिळते. वलाहस्स जातकात तंबपण्णी बेटावर जहाज फुटलेल्या पाचशे व्यापाऱ्यांना सुंदर स्त्रियांच्या रूपातील यक्षिणी आश्रय देतात. व्यापाऱ्यांच्या प्रमुखाला सत्य कळते, तो ते सर्वांना सांगतो, आणि आकाशगामी अश्व सुटकेसाठी येतो. तरीही अडीचशे जण जाण्यास नकार देतात. येथे अज्ञानाची सबब शिल्लक ठेवलेली नाही. सत्य कळल्यानंतरही राहणारे लोक कथेने मोजून दाखवले आहेत.

याच आशयसूत्राचा विस्तार असलेले सिंहल अवदान अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात भव्य भित्तिचित्राच्या रूपाने रंगवले गेले. त्यात राक्षसी सुटून गेलेल्या सिंहलाच्या मागोमाग त्याच्या देशात येते आणि आपण त्याची त्यागलेली पत्नी असल्याचे राजाला सांगते. सिंहल खरे काय ते सांगतो. राजा ते मानत नाही आणि तिला आपल्या अंतःपुरात ठेवून घेतो. त्यानंतर राजवाड्यातील माणसे भक्ष्य होतात. साहसकथेला आवश्यक ते सारे येथे आहे: जलप्रवास, जहाजफूट, उडता घोडा, अखेरचे युद्ध. मात्र अनर्थाचे कारण केवळ राक्षसीचे कपट नाही. इशारा मिळूनही निवाडा आपल्या इच्छेच्या बाजूने देणारा राजा त्यात तितकाच सामील आहे.

७

निवाड्याचा हा प्रसंग योगायोगाने आलेला नाही. कामपिशाचीची कथा गांभीर्याने लिहिली गेली की तिच्यात न्यायासनाची कल्पना येतेच. बाल्झाक यांनी 'सक्युब' (१८३७) ही कथा मध्ययुगीन तूर शहरातील धार्मिक खटल्याच्या कागदपत्रांच्या रूपात रचली. साक्षीदारांच्या जबान्यांतून आरोपी स्त्रीपेक्षा त्यांची स्वतःची वासना, मत्सर आणि लोभ अधिक उघड होतात. जाळली जाते ती मात्र स्त्री. 'द विचर २' (२०११) या संगणकीय खेळातही खुनांचा आरोप असलेल्या सक्युबसवर विश्वास ठेवायचा की तिच्यावर आरोप करणाऱ्यावर, हे खेळणाऱ्यालाच ठरवावे लागते. तिथे फासे मदतीला येत नाहीत.

यावरून समीक्षेला एक निकष हाती लागतो. कामपिशाची सहानुभूतीने रंगवली आहे की द्वेषाने, हा प्रश्न दुय्यम ठरतो. तिच्या मृत्यूनंतर, पराभवानंतर किंवा निर्दोष सुटकेनंतर नायकाच्या नावावर काही शिल्लक राहते का, हे पाहिले पाहिजे. जिथे काहीच राहत नाही तिथे ती पात्र नसून सबब असते. आणि सबबीचा वध कितीही रोमहर्षक असला तरी त्याला संघर्ष म्हणता येत नाही. युरोपच्या इतिहासात अशा सबबींसाठी प्रत्यक्ष स्त्रिया चितेवर गेल्या. म्हणून हा प्रश्न वाङ्मयीन असूनही केवळ वाङ्मयीन राहत नाही. स्मिथच्या डळमळत्या उत्तराचे मोल त्यात आहे: ते त्याला निर्दोष ठरवत नाही, आणि त्याचा दोष दुसऱ्या कुणाच्या देहावर टाकून पुढेही जाऊ देत नाही.