मंडपेश्वरचा क्रूस

बोरिवली पश्चिमेच्या मंडपेश्वर लेण्यात मी प्रथम गेलो तो नटराजासाठी. शिव, भोवती देवगण. अवयव भंगले आहेत, तरी नृत्याचा तोल सुटलेला नाही. मग नजर गेली ती बाजूच्या भिंतीवरील भल्यामोठ्या क्रूसाकडे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज फ्रान्सिस्कन पाद्री आंतोनियो दो पोर्तो यांच्या काळात या शैव लेण्याचे चर्च झाले, माथ्यावर मठ उभा राहिला. जुने शिल्प तासूनच हा क्रूस कोरला असावा, असे अभ्यासक मानतात. १७३७ मध्ये साष्टी मराठ्यांनी जिंकली. आज माथ्यावर मठाचे भग्नावशेष आहेत. क्रूस मात्र शाबूत आहे.

लेण्यांवरचे आपले लेखन बहुधा ‘विध्वंस’ एवढा शब्द टाकून पुढे सरकते. विध्वंस तो आहेच. पण पुसणाऱ्यालाही इथे छिन्नीच हाती घ्यावी लागली आणि आपले पूज्य चिन्ह त्याच दगडात शोधावे लागले. तासलेली मूर्ती परत येणार नाही. तिथे काही होते, याची खूण आता हा क्रूसच. त्याला कलंक समजून टाळणारा कलेतिहास त्या मूर्तीला दुसऱ्यांदा पुसतो.