मृत्युपत्राचा पहिला वाचक

मृत्युपत्र हा लेखनप्रकार साहित्यमीमांसेच्या कक्षेत सहसा घेतला जात नाही. त्यात कल्पित नाही, अलंकार नाहीत, रसाची अपेक्षा तर नाहीच. तरीही संहिता, लेखक आणि वाचक ह्यांच्या परस्परसंबंधाचा विचार करताना ह्या प्रकाराइतका उद्बोधक नमुना क्वचितच सापडेल. इतर लेखन बहुधा लेखकाच्या हयातीत वाचकांपुढे येते व त्याच्या पश्चात टिकून राहते. मृत्युपत्र मात्र लेखक जिवंत असेतो मुके असते आणि त्याच्या मृत्यूनंतरच त्याला वाचा फुटते. हयातीत लेखक ते केव्हाही बदलू शकतो, फाडून टाकू शकतो. मृत्यूनंतर त्यातील अक्षर न् अक्षर पक्के होते. ज्याच्या नावे मालमत्ता लिहिली आहे, त्याने ह्या दोन अवस्थांमधील वाट पाहण्यास नकार दिला तर काय होते? अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने ८ ऑक्टोबर १८८९ रोजी ‘रिग्ज विरुद्ध पामर’ ह्या खटल्यात ह्या प्रश्नाचे उत्तर दिले. कायद्याच्या अभ्यासात ते निकालपत्र शंभर वर्षांहून अधिक काळ वाचले जात आहे. साहित्याच्या अभ्यासकांनीही ते वाचावे, असे त्यात बरेच काही आहे.

घटना थोडक्यात अशी. फ्रान्सिस पामर ह्या विधुर शेतमालकाने १३ ऑगस्ट १८८० रोजी मृत्युपत्र केले. श्रीमती रिग्ज व श्रीमती प्रेस्टन ह्या दोन मुलींना त्याने लहान रकमा ठेवल्या आणि उरलेली सर्व मालमत्ता एल्मर ह्या नातवाच्या नावे लिहिली. एल्मरच्या आईच्या निर्वाहाचा भार त्या मालमत्तेवर ठेवला. नातू अज्ञान, अविवाहित व निपुत्रिक असताना मरण पावला तर मालमत्ता मुलींकडे जावी, अशीही तरतूद केली. एल्मर आजोबांच्याच घरी राहत होता. मार्च १८८२ मध्ये आजोबांनी पुन्हा विवाह केला आणि विवाहपूर्व कराराने नव्या पत्नीस शेतावर आजन्म निर्वाहाचा हक्क दिला. मृत्युपत्र बदलण्याचा विचारही त्यांनी बोलून दाखवला होता. एल्मरला मृत्युपत्रातील तरतुदी ठाऊक होत्या. तो बदल टळावा आणि मालमत्ता लवकर हाती यावी म्हणून त्याने त्याच वर्षी आजोबांना विष देऊन ठार केले. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. खुनाबद्दल त्याला शिक्षा झाली. पण मृत्युपत्र विधिवत केलेले होते, साक्षीदार होते आणि ‘मारेकऱ्यास वारसा मिळणार नाही’ असे राज्याच्या कायद्यात कोठेही लिहिलेले नव्हते. मुलींनी दावा लावला, तेव्हा न्यायालयापुढे उरला तो केवळ एका संहितेच्या अर्थाचा प्रश्न.

बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती रॉबर्ट अर्ल ह्यांनी लिहिले. कायद्याचे शब्द जसेच्या तसे घेतले तर मालमत्ता मारेकऱ्याला द्यावी लागते, ही गोष्ट ते आरंभीच मान्य करतात आणि मग शब्दांच्या पलीकडे जातात. कायदा करणाऱ्यांच्या मनात हा प्रसंग आला असता तर त्यांनी काय म्हटले असते, असा प्रश्न ते विचारतात. त्यांनी दिलेला जुना दाखला बोलोन्या नगरीचा आहे. तेथे रस्त्यात रक्त सांडणाऱ्यास कडक शिक्षा सांगणारा कायदा होता. पण रस्त्यात शीर सोडणाऱ्या न्हाव्याला तो लागू नाही, असे ठरले. ह्यापुढे जाऊन, स्वतःच्या दुष्कृत्याचा लाभ कोणालाही घेता येणार नाही, ह्या सर्वमान्य तत्त्वाचा आधार त्यांनी घेतला. भिन्नमत न्यायमूर्ती जॉन क्लिंटन ग्रे ह्यांचे. हा विषय सदसद्विवेकाच्या प्रांतातला नाही, असे ते म्हणतात. मृत्युपत्र कसे करावे, कसे बदलावे आणि कसे रद्द करावे हे कायद्याने बारकाईने सांगितले आहे. त्यापैकी काहीही घडलेले नसताना न्यायालयाने मृतासाठी नवे मृत्युपत्र लिहू नये. शिवाय गुन्ह्याची शिक्षा कायद्याने दिलेलीच आहे. मालमत्ता काढून घेणे म्हणजे त्या शिक्षेत स्वतःची भर घालणे होय.

ह्या दोन भूमिकांमधील अंतर भारतीय शब्दशक्तिविचाराच्या परिभाषेत नेमके मांडता येते. वाच्यार्थ सोडून लक्षणेकडे वळायचे तर मुख्यार्थाला बाध आला पाहिजे, हे मम्मटापासून सर्वपरिचित आहे. पण बाध म्हणजे काय, ह्यावर शास्त्रकारांत दोन पक्ष आहेत. एका पक्षाच्या मते वाक्यातील पदांचा अन्वयच जुळत नसेल तर बाध मानावा. ‘गंगेवर गवळीवाडा’ म्हटले की प्रवाहावर वाडा असू शकत नाही, म्हणून तीर हा अर्थ घ्यावा लागतो. दुसऱ्या पक्षाने ह्याला उत्तर म्हणून एक साधे घरगुती उदाहरण दिले: ‘कावळ्यांपासून दही राख.’ ह्या वाक्यात अन्वयाची कोणतीच अडचण नाही. तरीही मांजर आले असता, ‘मला कावळ्यांविषयीच सांगितले होते’ असे म्हणून स्वस्थ बसणाऱ्याला वाक्य कळले असे कोणी म्हणणार नाही. येथे बाध येतो तो तात्पर्याला. म्हणून विश्वनाथ न्यायपंचाननाने कारिकावलीत तात्पर्याची अनुपपत्ती हेच लक्षणेचे बीज मानले. ‘उरलेली मालमत्ता एल्मरला’ ह्या वाक्याचा अन्वय निर्दोष आहे, म्हणून ग्रे तेथेच थांबतात. अर्ल तात्पर्याकडे पाहतात आणि त्यांना वाक्य मोडलेले दिसते.

परंतु तात्पर्य ठरवायचे कोणी? ग्रे ह्यांच्या भिन्नमताचे खरे बळ ह्या प्रश्नात आहे आणि ते झटकून टाकण्यासारखे नाही. हेतूच्या नावाखाली वाचक स्वतःचीच इच्छा संहितेत घालू शकतो. विम्सट आणि बिअर्डस्ली ह्यांनी १९४६ मध्ये लेखकाचा हेतू हा कलाकृतीच्या मूल्यमापनाचा निकष मानण्यास विरोध केला, त्यामागे ही सावधगिरीही होती. पामर ह्यांनी मृत्युपत्र केले त्याच १८८० साली दस्तयेव्हस्कीची ‘कारमाझोव्ह बंधू’ ही कादंबरी क्रमशः छापून पूर्ण झाली. तीही पितृहत्येची आणि पैशाची कथा आहे. तेथे न्यायालयात दोन्ही बाजूंचे वकील त्याच पुराव्यांतून दिमित्रीच्या मनाच्या दोन वेगळ्या कादंबऱ्या रचतात आणि निरपराध माणूस दोषी ठरतो. मनाचा शोध घेणारे वाचन किती फसवे असू शकते, ह्याचा तो दाखला आहे. मात्र त्याच कादंबरीत उलट दिशेचा धोकाही आहे. खरा मारेकरी स्मेर्द्याकोव्ह हा इव्हानचा वाचक आहे. इव्हानच्या विचारांचा आणि त्याच्या घरातून निघून जाण्याचा तो एक सरळ अर्थ लावतो, त्याला संमती समजतो आणि कृती करतो. वाक्य बोलणाऱ्याला त्या वाक्याच्या परिणामाची जबाबदारी नंतर कळते.

ह्या दोन्ही धोक्यांमधून अर्ल ह्यांचा निकाल कसा वाट काढतो, हे त्याच्या शेवटच्या भागात दिसते. आणि तो भाग चर्चेत बहुधा दुर्लक्षित राहतो. न्यायालयाने मृत्युपत्र रद्द केले नाही. मालमत्ता मुलींची ठरली. पण एल्मरच्या आईच्या निर्वाहाचा भार कायम राहिला आणि दुसऱ्या पत्नीचा कराराने आलेला हक्कही. आजोबांनी ज्यांची काळजी वाहिली होती, त्या सर्वांची काळजी संहितेत तशीच राहिली. नातू जगला नाही तर मालमत्ता मुलींकडे जावी, हा पर्यायही लेखकानेच लिहून ठेवला होता. म्हणजे न्यायालयाने केलेला बदल संहितेच्या स्वतःच्या रचनेशी सुसंगत होता. चांगल्या अन्वयार्थाची हीच कसोटी आहे: तो एका वाक्याला धक्का देतो तेव्हा बाकीची वाक्ये अधिक स्पष्ट होतात. आजोबांनी नातवाच्या अकाली मृत्यूचा विचार केला होता. नातवाच्या हातून होणाऱ्या स्वतःच्या मृत्यूचा विचार ह्या संहितेत असणे शक्यच नव्हते. ते मौन विस्मरणातून आलेले नाही. ज्या विश्वासावर मृत्युपत्र लिहिले जाते, तो विश्वास मृत्युपत्रात लिहिला जात नाही.

रोनाल्ड ड्वॉर्किन ह्यांनी १९६७ च्या निबंधात ह्या निकालाचा आधार घेऊन असे मांडले की कायदा केवळ नियमांचा बनलेला नसतो, तत्त्वांचाही असतो. १९८२ मध्ये त्यांनी कायद्याची तुलना अनेक लेखकांनी मिळून एकापुढे एक प्रकरण लिहीत नेलेल्या कादंबरीशी केली: पुढच्या लेखकाला स्वातंत्र्य आहे, पण मागच्या प्रकरणांशी इमान राखूनच. स्टॅन्ले फिश ह्यांनी ह्या उपमेला तेव्हाच आव्हान दिले. योगायोगाने १९६७ हेच वर्ष रोलाँ बार्त ह्यांच्या ‘लेखकाचा मृत्यू’ ह्या निबंधाचे आणि लेखकाच्या अर्थाचा कैवार घेणाऱ्या ई. डी. हर्श ह्यांच्या ग्रंथाचेही आहे. लेखकाचे अधिराज्य संपले तरच वाचक जन्माला येतो, ही बार्त ह्यांची भूमिका रूपकात्मक होती आणि तिने समीक्षेला पुष्कळ दिले. एल्मरने तेच रूपक वाच्यार्थाने जगून दाखवले. संहिता आपल्या उपयोगी पडावी म्हणून त्याने लेखकाचा काटा काढला. लेखकाला मन बदलता येते, एवढाच त्याचा आक्षेप होता. लेखकापासून मुक्त झालेल्या वाचकाची व्याप्ती किती, ह्या चर्चेत ही घटना निदान एक मर्यादा आखून देते. वाचकाला अर्थ लावण्याचा अधिकार आहे. ज्याच्याशी आपले नाते आहे त्याचा आवाज बंद करून त्याच्या शब्दांवर मालकी सांगण्याचा नाही.

हा प्रश्न भारतातही, आणि तोही मुंबई इलाख्यातूनच, पुढे आला. मुंबई उच्च न्यायालयातून गेलेल्या ‘केंचव्वा विरुद्ध गिरिमल्लप्पा’ ह्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने १९२४ मध्ये न्याय, समता आणि सद्विवेक ह्यांच्या आधारे मारेकऱ्याला वारसापासून दूर ठेवले. वारसाक्रम ठरवताना तो अस्तित्वातच नाही असे मानावे, असे सांगितले. त्याआधी नारदस्मृतीने पित्याचा द्वेष करणाऱ्या औरस पुत्रालाही वाटा नाकारला होता. पुढे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २५ ने खून करणाऱ्याला आणि खुनाला साहाय्य करणाऱ्याला वारसासाठी स्पष्टपणे अपात्र ठरवले. अर्ल ह्यांना जे मौनातून वाचावे लागले, ते येथे अक्षरात आले. ग्रे ह्यांना हवे होते ते हेच: विधिमंडळाने बोलावे. ह्या अर्थाने दोघांचेही म्हणणे इतिहासाने ऐकले.

निकालपत्रात एक उणीव मात्र राहते, आणि ती साहित्याच्या वाचकालाच प्रथम जाणवेल. सोळा वर्षांच्या त्या मुलाला तेथे मन नाही. बहुमतात आणि भिन्नमतात त्याचे वय एक तपशील म्हणून येते आणि निघून जाते. ज्या घरात तो वाढला तेथे नवी आजी आल्यावर त्याला काय वाटले, दिलेला शब्द मागे घेतला जाण्याचे भय त्या वयात केवढे असते, हे विचारणे न्यायालयाचे काम नव्हते. ते कादंबरीचे काम आहे, आणि ते करताना गुन्हा सौम्य करण्याची गरज पडत नाही. एल्मर हा त्या मृत्युपत्राचा बहुधा सर्वांत उत्सुक वाचक होता आणि सर्वांत वाईटही. त्यात त्याने स्वतःचे नाव आणि मालमत्ता वाचली. एक वृद्ध आपल्यामागे त्याची आणि त्याच्या आईची सोय लावू पाहत आहे, हे त्याला वाचता आले नाही.

वारशाला धर्मशास्त्रात ‘दाय’ हा शब्द आहे. दिले जाते ते दाय, अशी त्याची व्युत्पत्ती जीमूतवाहनाने दिली. मात्र मृत माणूस प्रत्यक्ष देत नसल्याने येथे ‘देणे’ हा प्रयोग गौण आहे, असेही लगेच नोंदवले. त्या गौण अर्थातच सारे काही आहे. देणारा नसतानाही ते दिलेले मानायचे, ह्या समजुतीवर घरेही चालतात आणि साहित्याची परंपराही. मराठीने दोन्हींसाठी ‘वारसा’ हा एकच शब्द ठेवला आहे. एल्मरच्या हाती शब्द पूर्ण होते, सही होती, साक्षीदार होते; देणे तेवढे उरले नव्हते.