समाधानाचे गुण आणि सुधारणेचे गुण

रुग्णालयातून घरी जाताना रुग्णाच्या हाती प्रश्नावली देण्याची पद्धत आता रुळली आहे. परिचारिका नीट वागल्या का, डॉक्टरांनी समजावून सांगितले का, वॉर्ड स्वच्छ होता का? प्रत्येक उत्तराला पाचपैकी गुण. या गुणांवरून ‘रुग्ण समाधानी आहेत’ असे कोणी म्हटले तर आमची हरकत नाही. पण त्यांवरूनच ‘रुग्ण सुधारले’ असेही म्हटले जाते, आणि मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला ही गल्लत महागात पडते.

लातूर जिल्ह्याला ही इजा परकी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडमातीच्या भिंती आणि माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. एरवीही झाडावरून, विहिरीत किंवा मोटारसायकलवरून पडून पाठीचा कणा मोडतोच. पाय लुळे पडलेले सर्वांना दिसतात. खरा धोका दिसत नाही. कातडीला दुखणे कळत नाही, म्हणून एकाच कुशीवर राहिल्याने शय्याव्रण होतात. मूत्राशय नीट रिकामे होत नाही, मग जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वी बहुतेक रुग्ण यांनीच दगावत. १९४४ पासून इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे लुडविग गुटमान यांनी दर दोन तासांनी कूस बदलण्याचा हट्ट धरला. झोपमोड करणाऱ्या त्या परिचारिकांना रुग्णांनी किती गुण दिले असते?

समाधानाचा विषय निघाला की १९७८ सालचा एक अमेरिकी अभ्यास हमखास सांगितला जातो. ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी लॉटरी जिंकलेल्या २२ जणांना, अपघाताने लुळे पडलेल्या २९ जणांना व इतर २२ जणांना आपापल्या आनंदाला गुण द्यायला सांगितले. ‘काही काळाने सगळे सारखेच आनंदी होतात’ हा त्याचा प्रचलित सारांश. मूळ आकडे वेगळेच आहेत: लॉटरीवाले ४, इतर ३.८२, अपघातग्रस्त २.९६. शिवाय अपघातग्रस्तांनी आपल्या पूर्वायुष्याला ४.४१ गुण दिले, तर इतरांनी आपल्या भूतकाळाला ३.३२. गमावलेले दिवस आठवणीत सोन्याचे झाले; म्हणजे मोजायची पट्टीच सरकली. अपघातापूर्वी तर कोणाचेच मोजमाप नव्हते. धडा शिकवण्यापूर्वी चाचणी न घेता मुलाची प्रगती सांगण्यासारखेच हे झाले.

समाधान म्हणजे अपेक्षा आणि पदरात पडलेले यांतले अंतर. नांदेडला उपचार घेऊन किनवटकडच्या तांड्यावर परतणाऱ्या माणसाची अपेक्षाच माफक असेल, तर तो डॉक्टरसाहेबांना पाचपैकी चार गुण द्यायलाही संकोचेल. उलट, ‘पुन्हा चालता येईल असे वाटत नाही’ हे खरे सांगून घाम निघेपर्यंत हातांचा व्यायाम करून घेणाऱ्याचे गुण कमी होतील.

मग मोजायचे काय? इस्रायलमधील तज्ज्ञांनी १९९७ साली मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी खास शंभर गुणांची मोजपट्टी मांडली. तिच्या सुधारित रूपात जेवण, अंघोळ, कपडे यांना २०, श्वसन आणि मलमूत्रविसर्जन यांना ४० आणि हालचालीला ४० गुण आहेत. मलमूत्राला एवढे महत्त्व देणारी ही पट्टी आम्हांला प्रामाणिक वाटते. तरीही ती आपल्या घरांसाठी बेतलेली नाही. चाकाच्या खुर्चीतून मोटारीत जाण्याला २ गुण, आणि जमिनीवरून खुर्चीत येण्याला फक्त १! ज्या घरात जेवणे, निजणे, निवडणे-टिपणे सारे जमिनीवर होते, तिथे हा हिशेब उलटा हवा. एसटीच्या पायऱ्यांचे तर नावच नाही.

पाण्याचेही तसेच. मूत्राशय नळीने रिकामे करायचे तर दिवसातून अनेकदा हात स्वच्छ धुवावे लागतात. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. वॉर्डातल्या नळाशी शिकलेली सवय अशा उन्हाळ्यात घरी टिकली का, हे घरी निघतानाच्या प्रश्नावलीत कसे उमटणार?

म्हणून आमचे म्हणणे असे, की प्रश्न सहा महिन्यांनी, रुग्णाच्या घरी जाऊन विचारावेत. आणि तेही उत्तर देणाऱ्या भावाला किंवा सुनेला नव्हे, त्यालाच. जमिनीवरून खुर्चीत एकट्याने येता का? नळी धुवायला पाणी कोण आणते? गेल्या महिन्यात थंडी वाजून ताप आला होता का? पाठीवरची कातडी शेवटची कोणी, कधी पाहिली?