कालप्रवास, नभोनाट्यातील
ध्वनीच्या साहाय्याने काळ ओलांडणाऱ्या पात्रांची कथा सांगणारा विज्ञाननाट्यप्रकार. यंत्राद्वारे कालप्रवास ही कल्पना एच्. जी. वेल्स यांच्या द टाइम मशीन (१८९५) या कादंबरीने रूढ केली. नभोनाट्यात युग बदलण्यास नेपथ्य लागत नाही. भाषेची ढब व पार्श्वध्वनी पुरतात. तथापि खजिन्याचा शोध हे सूत्र येथे सहसा दुबळे ठरते. कारण सोन्याची झळाळी ऐकू येत नाही व भूतकाळातून उचललेल्या वस्तूमुळे कार्यकारणभावास बाधा येते. जयंत नारळीकरांच्या पानिपतविषयक कथेत पर्यायी इतिहासातून हाती येतो तो बखरीचा एक फाटका कागद. असा शब्दरूप पुरावा श्राव्य माध्यमास अधिक मानवतो. अंजूरच्या गंगाजी नाईकांनी वसईच्या मोहिमेत (१७३७–३९) मराठ्यांस साहाय्य केले. त्या काळात जाणाऱ्या पात्रांनी मोहरांपेक्षा त्यांची साक्ष मिळविणे, हेच या प्रकाराच्या प्रकृतीस धरून होईल.