नारायण धारप यांचे भयसाहित्य आणि वाचकांची मतभिन्नता : एक विचार

प्रस्तावना

लोकप्रिय साहित्याचा विषय वर्गात निघाला की आपण शिक्षक बहुधा दोनपैकी एक भूमिका घेतो. एक तर 'हे केवळ करमणुकीचे लेखन आहे' असे म्हणून विषय मिटवतो, किंवा 'काही का होईना, मुले वाचताहेत ना' असे म्हणून समाधान मानतो. या दोन्ही भूमिकांत पुस्तकाचा विचार होत नाही. मराठीतील सर्वाधिक वाचले गेलेले भयकथालेखक नारायण धारप (१९२५–२००८) यांच्याविषयी वाचकांची मते इतकी परस्परविरोधी का आहेत, आणि त्या विरोधातून शिक्षकाने काय घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या विषयाकडे वळण्याचे कारण माझ्याच हातून घडलेली एक चूक आहे. जुनी इंदूर भागातील एका मराठी कुटुंबातला विद्यार्थी एकदा आजोबांच्या कपाटातले धारपांचे जीर्ण पुस्तक वर्गात घेऊन आला. ते पाहून मी सर्वांसमक्ष म्हणालो, "असली पुस्तके वाचून काय मिळणार?" मुले हसली. त्या मुलाने पुस्तक दप्तरात ठेवले आणि पुढे वर्षभर एकही मराठी पुस्तक वर्गात आणले नाही. घरी मराठी बोलणारा, पण शिक्षण हिंदीत झालेला तो मुलगा आपणहून जे पहिले मराठी पुस्तक वाचत होता ते हेच होते, हे मला उशिरा कळले.

इंदूर हे मराठीचे जुने ठाणे आहे. होळकरांच्या या शहरात १९१७, १९३५ आणि २००१ या साली मराठी साहित्य संमेलने झाली. तरीही येथील मराठी घरांतली नवी पिढी मराठी बोलते आणि हिंदी वाचते. लिपी एकच असल्यामुळे मराठी पुस्तक तिला उघडता येते; अडचण ते शेवटपर्यंत नेण्याची असते. शेवटपर्यंत नेणारे पुस्तक कोणते, हा प्रश्न म्हणूनच येथे गौण नाही. ज्यांच्या वर्गात घरी उर्दू किंवा हिंदी बोलणारे विद्यार्थी मराठी शिकतात, त्या प्राध्यापकांनाही तो लागू आहे.

लेखनाची विपुलता आणि तिचे कारण

धारपांच्या नावावर शंभराहून अधिक पुस्तके आहेत. 'लुचाई', 'शपथ', 'चेटकीण', 'ग्रहण', '४४० चंदनवाडी' या कादंबऱ्या, 'अनोळखी दिशा' या मालेतील कथा, 'समर्थ' या व्यक्तिरेखेभोवतीची पुस्तके आणि 'नेनचिम'सारखी विज्ञानकादंबरी यांची नावे वाचक आजही घेतात.

हा विपुलपणा समजून घेण्यासाठी त्या काळातील वर्गणीची वाचनालये लक्षात घेतली पाहिजेत. सभासद महिन्याची वर्गणी भरून एका वेळी एक पुस्तक घरी नेत असे आणि ते वाचून झाले की बदलून घेत असे. अशा व्यवस्थेत जलद संपणाऱ्या आणि लेखकाच्या नावावर उचलल्या जाणाऱ्या पुस्तकाला मागणी राहते. वाचनालयाला दर महिन्याला नवे पुस्तक हवे असते आणि वाचकाला तोच अनुभव पुन्हा हवा असतो. बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथा याच व्यवस्थेत वाढल्या. उर्दूमध्ये इब्ने सफी (१९२८–१९८०) यांनी १९५२ मध्ये अलाहाबादहून सुरू केलेली 'जासूसी दुनिया' आणि नंतरची 'इमरान' मालिका मिळून दोनशेहून अधिक कादंबऱ्या झाल्या, त्याही अशाच भूकेवर. इब्ने सफींविषयीही एका पिढीने 'त्यांनी आम्हाला उर्दू वाचायला शिकवले' असे म्हटले, तर विद्यापीठीय समीक्षेने त्यांना बराच काळ दाराबाहेर ठेवले. म्हणजे धारपांच्या बाबतीत दिसणारी मतभिन्नता एकट्या मराठीची नाही.

वाचक काय म्हणतात

धारपांविषयी ऐकू येणारी मते ढोबळमानाने पुढीलप्रमाणे मांडता येतील. चाहते म्हणतात की, भाषा साधी आहे, वातावरण हळूहळू दाटत जाते आणि भीती ओळखीच्या घरातून, जिन्यावरून, माळ्यावरून येते. रात्री पुस्तक मिटवून दिवा लावून झोपल्याची आठवण अनेकजण सांगतात. नाराज वाचकांचे आक्षेप चार आहेत. पहिला, पाच-सहा पुस्तकांनंतर पुढे काय होणार ते आधीच कळते. दुसरा, बऱ्याच कथा इंग्रजीवरून घेतलेल्या आहेत आणि मूळ कृतीचे ऋण पुरेसे स्पष्ट केलेले नाही. तिसरा, पात्रे पुसट आहेत. भीती लक्षात राहते, माणूस राहत नाही. चौथा, असे लेखन अंधश्रद्धेला खतपाणी घालते.

या मतांकडे नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. चाहता बहुधा पहिल्या दोन-तीन पुस्तकांविषयी बोलत असतो आणि नाराज वाचक विसाव्या पुस्तकाविषयी. चाहत्याने ते बाराव्या-पंधराव्या वर्षी वाचलेले असते. टीकाकाराने चाळिशीत पुन्हा काढलेले असते. एकाने स्टीफन किंग वाचलेला नसतो, दुसऱ्याने वाचलेला असतो. दोघेही खरे बोलत असतात, मात्र ते एकाच वाचनाविषयी बोलत नसतात.

अनुकरणाचा आक्षेप

'लुचाई'मागे किंगची 'सेलम्स लॉट' (१९७५) आणि 'शपथ'मागे त्याचीच 'इट' (१९८६) आहे, हे आता जाणत्या वाचकांना ठाऊक आहे. एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) याच्या कल्पनांचा ठसाही धारपांच्या अनेक कथांवर दिसतो. रूपांतर ही मराठीला नवी गोष्ट नाही. देवलांचे 'झुंझारराव' शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून आणि पु. ल. देशपांडे यांचे 'ती फुलराणी' शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून आले, आणि ते सर्वांना माहीत होते. फसवणूक झाल्याची भावना मूळ कृती उशिरा कळल्यावर येते. ऋण सांगितले पाहिजे, ही वाचकांची मागणी रास्तच आहे आणि तिला सौम्य करण्याचे कारण नाही.

परंतु 'घेतले' एवढे म्हटल्याने समीक्षा पूर्ण होत नाही. घेतलेली गोष्ट येथे आल्यावर तिचे काय झाले, हे पाहावे लागते. आपल्या परंपरेतील भुताला कारण असते. सोडमुंज होण्यापूर्वी गेलेला मुलगा मुंजा होतो, बाळंतपणात दगावलेली स्त्री हडळ होते. ब्रह्मसमंधाचे काही राहून गेलेले असते. त्यांची इच्छा पुरवली, उतारा ठेवला, की ती शांत होतात. थोडक्यात, हे भूत आपल्याच समाजातील एक दुखावलेला सभासद असते. लव्हक्राफ्ट आणि किंग यांच्या कथांतले अरिष्ट बहुधा तसे नसते. त्याचे कोणी काही बिघडवलेले नसते आणि त्याला काही देऊन परत पाठवता येत नाही. धारपांनी हे दुसऱ्या जातीचे अरिष्ट मराठी घरात आणले. 'अनोळखी दिशा' हे शीर्षकच ते सांगते. माझ्या मते हे त्यांचे खरे योगदान आहे आणि चाहत्यांना जी भीती आठवते तिचे मूळही यातच आहे.

मात्र असे अरिष्ट आणल्यावर त्याचा शेवट कसा करायचा, हा प्रश्न उरतो. 'समर्थ' मालिकेतील उत्तर ठरलेले आहे. साधनेचे बळ असलेला, शांत वृत्तीचा एक जाणता पुरुष येतो आणि संकट निवारतो. पहिल्या वाचनात या आगमनाने दिलासा मिळतो. दहाव्या वाचनात भीतीच उरत नाही, कारण समर्थ येणार हे ठाऊक असते. ज्या गुणामुळे घरातील वडीलधारे हे पुस्तक निर्धास्तपणे मुलांच्या हाती देत, तोच गुण जाणत्या वाचकाला दोष वाटतो. 'पुढचे आधीच कळते' या आक्षेपाचे मूळ येथे आहे. पात्रे पुसट वाटण्याचेही एक कारण हेच असावे : संकट निवारणारा बाहेरून येणार असेल, तर संकटात सापडलेल्या माणसाला बदलण्याची गरज उरत नाही.

रूपांतराची ताकद दाखवणारे एक उदाहरण नोंदवण्यासारखे आहे. किंगची 'ग्रॅमा' ही कथा १९८४ ची. तिच्यावरून धारपांनी 'आजी' ही कथा लिहिली. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी ती एका मित्राच्या तोंडून ऐकली, आणि तिच्यातून पुढे 'तुंबाड' (२०१८) या हिंदी चित्रपटाचे बीज रुजले. ती धारपांची कथा असल्याचे त्यांना नंतर समजले. अमेरिकेतील छापील कथा मराठीत येऊन तोंडी सांगितली जाणारी गोष्ट झाली. २०२४ मध्ये हा चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा त्याला नवा प्रेक्षक मिळाला. केवळ नक्कल असती तर ती गोष्ट पुस्तकातच राहिली असती. मित्राने मित्राला सांगण्याइतकी आपली झाली नसती.

अंधश्रद्धेचा आक्षेप

हा आक्षेप महाराष्ट्रात हलका मानता येत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. भोंदूगिरीमुळे माणसे लुबाडली जातात आणि प्रसंगी जिवालाही मुकतात. तरीही कथेतील भूत आणि भोंदूबाबाचा दावा यांत फरक आहे. कादंबरी 'ही गोष्ट आहे' असे सांगून हाती येते. भोंदू 'हे खरे आहे' असे सांगून पैसे मागतो. अडचण भुतापेक्षा सोडवणुकीत आहे. एका सामर्थ्यवान पुरुषावर सर्वस्वी विसंबण्याची सवय कथेने लागू शकते, आणि 'समर्थ' कथांविषयी वर्गात हाच प्रश्न विचारण्यासारखा आहे. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या गूढकथा शेजारी ठेवल्या तर विद्यार्थ्यांना फरक चटकन दिसतो. तेथे भीतीचा उगम अनेकदा माणसाच्या मनातच असतो आणि सोडवायला बाहेरून कोणी येईलच असे नाही.

बाहेरचा दाखला

किंगच्या बाबतीतही वाद कमी झाला नाही. २००३ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल बुक फाउंडेशनने त्याला साहित्यातील विशेष योगदानाचे पदक दिले, तेव्हा समीक्षक हॅरल्ड ब्लूम यांनी त्यावर जाहीर आणि कठोर टीका केली. किंगने पदक स्वीकारताना लोकप्रिय आणि अभिजात म्हणवल्या जाणाऱ्या साहित्यात पूल बांधण्याची गरज सांगितली. मराठीत धारपांविषयी असा जाहीर वाद फारसा रंगला नाही, आणि ते काही भूषण नव्हे. ज्याच्यावर टीकाही गंभीरपणे होत नाही, त्याचे गुण आणि दोष दोन्ही तपासले जात नाहीत.

शिक्षकांसाठी काही सूचना

पहिली गोष्ट म्हणजे विद्यार्थ्याचे मत ऐकताना त्याला चार प्रश्न विचारावेत : कोणते पुस्तक? कितव्या वर्षी वाचले? या लेखकाचे हे कितवे पुस्तक? यासारखे दुसरे काय वाचले आहे? या प्रश्नांनी 'आवडले' आणि 'नावडले' यांचे रूपांतर चर्चेत होते.

दुसरे, एकच कथा वाचून विद्यार्थ्यांना दोनदा अभिप्राय लिहू द्यावा. एकदा लगेच आणि एकदा पंधरा दिवसांनी. पहिल्यात भीती येते, दुसऱ्यात रचना. दोन्ही कागद शेजारी ठेवले की समीक्षा म्हणजे काय, ते वेगळे सांगावे लागत नाही.

तिसरे, मूळ कथा आणि रूपांतर यांची तुलना करून काय गळले, काय बदलले, कोणाचे ऋण मानायला हवे, याची नोंद करून घ्यावी. उसनवारीचा प्रामाणिक उल्लेख करण्याची सवय विद्यार्थ्यांच्या प्रकल्पलेखनातही उपयोगी पडते.

समारोप

धारपांविषयीची परस्परविरोधी मते ही वाचकांच्या गोंधळाची खूण नाही. एकच गुण वेगवेगळ्या वयात आणि वेगवेगळ्या संख्येने वाचल्यावर वेगळा भासतो, एवढाच तिचा अर्थ आहे. त्यांनी मराठी घरात एक अनोळखी भय आणले आणि त्याला ठरावीक उतारा दिला. पहिल्यासाठी त्यांचा आदर करावा, दुसऱ्याची चिकित्सा करावी. मूळ कृतींचे ऋण मात्र दोन्ही वेळी सांगावे.

त्या विद्यार्थ्याला मी आज वेगळा प्रश्न विचारला असता : "कुठपर्यंत आलास? आणि तुला काय वाटते, समर्थ वेळेवर पोहोचतील का?" तो बोलला असता, मराठीत बोलला असता, आणि पुढचे पुस्तक कोणते द्यायचे ते त्याच्या उत्तरातूनच मला कळले असते.