नागवल्लीची केस हिस्टरी : एक चित्रपट आणि चिकित्सा मानसशास्त्राचे शिक्षण

'भूलभुलैया' तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. प्रियदर्शनचा हा 2007 सालचा हिंदी चित्रपट मूळचा मल्याळम. फाझिल यांनी दिग्दर्शित केलेला आणि मधु मुट्टम यांनी लिहिलेला 'मणिचित्रताळ' 1993 साली आला. त्यातल्या गंगेच्या भूमिकेसाठी शोभना यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे कन्नड 'आप्तमित्र' (2004), तमिळ 'चंद्रमुखी' (2005) आणि मग हिंदी अशी त्याची रूपे निघाली. या टिपणात आपण मूळ चित्रपट समोर ठेवू. हिंदी पाहिलेल्यांना प्रसंग ओळखू येतील. अवनी म्हणजे गंगा, मंजुलिका म्हणजे नागवल्ली आणि अक्षय कुमारचा आदित्य म्हणजे मोहनलालचा डॉक्टर सनी.

मानसशास्त्राच्या टिपणांमध्ये चित्रपटाचे परीक्षण कशाला, असे कुणाला वाटेल. पदवीच्या पहिल्या वर्षाला "चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचे आहे" असे सांगणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मनात त्या माणसाचे जे चित्र असते, ते पाठ्यपुस्तकातून आलेले नसते. ते अशा चित्रपटांतून येते. आणि हा चित्रपट त्या जातीतला सर्वांत चांगला आहे, म्हणून त्याच्याशी भांडण्यात अर्थ आहे.

कथा थोडक्यात अशी. नकुलन आणि त्याची बायको गंगा कलकत्त्याहून वडिलोपार्जित वाड्यात राहायला येतात. वाड्याचा दक्षिणेकडचा भाग कुलुपबंद आहे. तिथे नागवल्ली नावाच्या नर्तकीचा आत्मा कोंडलेला आहे, असे घरातले सांगतात. वाड्याचा जुना मालक शंकरन तंपी याने तिला तंजावरहून आणले आणि तिचे प्रेम दुसऱ्यावर आहे हे कळल्यावर दुर्गाष्टमीच्या रात्री मारून टाकले. गंगा ते कुलूप उघडते. घरात विपरीत प्रकार सुरू होतात. नकुलन आपल्या मित्राला, मनोविकारतज्ज्ञ सनीला, बोलावतो.

नर्तकी तंजावरची आहे, याकडे मराठी वाचकाने थोडे थांबून पाहावे. कावेरीच्या खोऱ्यातल्या तंजावर-कुंभकोणम भागावर 1676 पासून 1855 पर्यंत भोसल्यांचे राज्य होते. आज भरतनाट्यम म्हणून आपण जे पाहतो त्याचा क्रम दुसऱ्या सरफोजींच्या दरबाराशी जोडलेल्या चार भावांनी बांधला, आणि त्यांच्यातला वडिवेलू पुढे त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांकडे गेला. म्हणजे तंजावरची कला केरळातल्या श्रीमंतांच्या घरी जाणे ही लेखकाची नुसती कल्पना नाही. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. मल्याळम चित्रपटात भूत तमिळ बोलते. तमिळ 'चंद्रमुखी'त तीच नर्तकी तेलुगू होते आणि हिंदीत बंगाली. प्रत्येक भाषेने आपल्या घरातल्या बाईच्या मनातला संताप शेजारच्या भाषेच्या तोंडी घातला आहे. आपल्या माणसाच्या तोंडून परकी भाषा आली की ऐकणारे "हे आपले नव्हेच" म्हणून मोकळे होतात. अंगात येण्याच्या प्रकारांतही हेच दिसते. जे स्वतःच्या नावाने बोलता येत नाही ते दुसऱ्याच्या नावाने बोलले जाते.

आता सनीकडे वळू. तो मनोविकारतज्ज्ञ आहे, म्हणजे एमबीबीएस आणि त्यावर त्या विषयातली पदव्युत्तर पदवी घेतलेला वैद्य. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ वैद्य नसतो आणि त्याला औषधे लिहून देता येत नाहीत. तरीही पडद्यावर सनी जे करतो त्यात औषधाचा भाग नगण्य आहे. तो ऐकतो, निरखतो, माहिती जमवतो आणि तिचा अर्थ लावतो. हे सारे मानसशास्त्रज्ञाचे काम.

आणि त्यातला एक भाग त्याने उत्तम केला आहे. घरातल्या कुणालाही न सांगता सनी गंगेच्या माहेरच्या गावी जाऊन येतो. आई-वडील कलकत्त्याला आणि ती गावात आजीजवळ गोष्टी ऐकत वाढलेली. एके दिवशी, ऐन परीक्षेच्या वेळी, तिला अचानक उचलून न्यायला आई-वडील आले तेव्हा ती कशी बिथरली, हे सगळे तो गोळा करतो. मग नकुलनला समोर बसवून तो दुवे जोडतो. लहानपणी मुळासकट उपटलेली मुलगी, मग कामात बुडालेला नवरा, मग आजीच्या गोष्टींतल्यासारखाच हा वाडा, आणि त्यात स्वतःच्या मनाविरुद्ध दूर आणलेली आणखी एक बाई. आजार आत्ताच का उफाळला, याच घरात का, आणि त्याने हेच रूप का घेतले, या तिन्ही प्रश्नांना त्या उलगड्यात उत्तर आहे. पदव्युत्तर प्रशिक्षणात याला केस फॉर्म्युलेशन म्हणतात. ते वर्गात समजायला एक तास लागतो आणि करता यायला दोन वर्षे अपुरी पडतात. व्यावसायिक चित्रपटात इतका सलग, तपशीलवार उलगडा मी दुसरा पाहिलेला नाही.

ही दोन वर्षे कोणती, तेही सांगायला हवे. बंगळुरूला 1954 साली सुरू झालेल्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेत, म्हणजे आजच्या निम्हान्समध्ये, या शिक्षणाची सुरुवात वैद्यकीय मानसशास्त्राच्या पदविकेने झाली. तिचेच पुढे एम.फिल. झाले. मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी आणि त्यावर रुग्णालयात पूर्णवेळ, देखरेखीखाली केलेला दोन वर्षांचा अभ्यासक्रम, अशी वाट रुळली. 1992 च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेकडे या अभ्यासक्रमांची मान्यता आणि व्यावसायिकांची नोंदणी आली. नोंदणीशिवाय हा व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातली व्याख्याही देखरेखीखालच्या प्रशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख करते. अलीकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने एम.फिल. पदवी बंद केली, पण चिकित्सा मानसशास्त्रातल्या एम.फिल.ला 2025-26 पर्यंत मुदत दिली. रचना बदलत असल्याने प्रवेशाआधी त्या वर्षीचे नियम परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा. नुसते एम.ए. करून दारावर पाटी लावणारे तुम्हाला भेटतील. त्यांचा सल्ला या बाबतीत घेऊ नका.

या प्रशिक्षणात भाषेचा प्रश्न सनीला पडतो त्याहून फार साध्या रूपात समोर येतो. समोरच्याला ज्या भाषेत रडू येते त्या भाषेत मुलाखत घेता येते का? बिनेच्या बुद्धिमापन चाचणीचे व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतर केले. ती बिने-कामत चाचणी प्रशिक्षणार्थी अनेक ठिकाणी अजून शिकतात. फ्रेंच प्रश्न नुसते मराठीत उतरवून भागत नाही, इथल्या मुलांवर ती पुन्हा बसवून पाहावी लागते, हे कामतांच्या कामातून कळते. आजाराच्या नावांचेही तसेच. चित्रपटात गंगेला दुभंगलेले व्यक्तिमत्त्व आहे असे सांगितले जाते. पहिली दुरुस्ती म्हणजे हा छिन्नमनस्कतेचा प्रकार नव्हे. परीक्षेच्या पेपरात ही गल्लत दर वर्षी होते. जिला मल्टिपल पर्सनॅलिटी म्हणत, तिचे अमेरिकी वर्गीकरणात 1994 साली डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर असे नाव झाले. दुसरी गोष्ट अशी की भारतीय रुग्णालयांत असे रुग्ण विरळा आणि अंगात येण्याच्या अवस्था मात्र नेहमीच्या. 1981 साली वर्मा, बौरी आणि विग यांनी या दोहोंची तुलना करून हा फरक संस्कृतीशी जोडून दाखवला. 2013 च्या डीएसएम-5 मध्ये अंगात येण्याचा अनुभव त्या विकृतीच्या निकषात आला. सनीने पाश्चात्त्य नाव लावले, पण त्याच्यासमोर घडत होते ते आपल्याकडचे. वर्गीकरण तिथवर पोचायला आणखी वीस वर्षे लागली.

इथपर्यंत सनी पास. पुढचे प्रसंग मात्र टाळ्यांचे आहेत, आणि माझी तक्रार नेमकी तिथे आहे.

नकुलनला खात्री पटावी म्हणून सनी त्याला गंगेला मुद्दाम डिवचायला सांगतो. तो तिला बाहेर जायला मनाई करतो, ती बदलत जाते, एका हाताने पलंग उचलते. शोभना यांचा अभिनय असा की श्वास रोखला जातो. पण काय झाले ते पाहा. रुग्णाला झटका यावा अशी व्यवस्था केली गेली, ती उपचारासाठी नव्हे तर नातेवाइकाला पुरावा दाखवण्यासाठी, आणि तिच्याच नवऱ्याकरवी. प्रशिक्षणार्थ्याने वॉर्डात असे केले तर त्याच संध्याकाळी त्याला जाब द्यावा लागेल.

दुसरी गोष्ट श्रीदेवीची. पत्रिकेतल्या मंगळापायी जिचे आयुष्य आधीच विसकटले आहे अशी ही घरातली मुलगी. गंगेचे बिंग फुटू नये म्हणून सनी संशय श्रीदेवीवर जाऊ देतो. तिला वेडी ठरवून खोलीत कोंडले जाते. ती निरोगी आहे हे त्याला ठाऊक असते. शेवटी सनीच तिला लग्नाची इच्छा बोलून दाखवतो आणि प्रेक्षक खूश होऊन घरी जातात. एका रुग्णाची गुप्तता राखण्यासाठी दुसऱ्या माणसावर वेडाचा शिक्का मारता येतो का, हा प्रश्न चित्रपटाला पडतच नाही. ज्या समाजात अशा शिक्क्याने बाईचे लग्न, घर, हक्क सगळे जाते, तिथे हा प्रश्न शेवटच्या नाचापेक्षा मोठा आहे.

आता तो नाच. दुर्गाष्टमीच्या रात्री मांत्रिकाच्या मदतीने सगळा विधी मांडला जातो. नागवल्ली झालेल्या गंगेच्या हातात तलवार दिली जाते. समोर तंपी म्हणून नकुलन. ऐन क्षणी फळी उलटते, नकुलनच्या जागी पुतळा येतो, ती पुतळ्याचा वध करते आणि कोसळते. सूड पुरा झाला, नागवल्ली गेली, गंगा परतली.

हा शेवट विज्ञानाचा विजय म्हणून वाखाणला जातो. मला तो तसा वाटत नाही. का, ते सांगायला तंजावरच्याच मुलखात जावे लागेल. कुंभकोणमपासून आठ-नऊ किलोमीटरवर तिरुविडैमरुदूर गाव आहे. सरफोजींना गादी मिळाल्यावर पदच्युत अमरसिंह भोसले याच गावी येऊन राहिले होते. तिथल्या महालिंगस्वामींच्या देवळाची कथा अशी की वरगुण पांड्य राजाच्या मागे ब्रह्महत्या लागली. तो पूर्वेच्या दाराने आत गेला, ती आत येऊ शकेना म्हणून बाहेर थांबली, आणि राजा पश्चिमेच्या दाराने निघून गेला. पूर्वेच्या दाराशी तिची मूर्ती आहे. आजही भाविक आल्या दाराने परतत नाहीत. मनाच्या आजारांवर उतारा म्हणून लोक या देवळात प्रदक्षिणा घालतात.

कथा सुंदर आहे, आणि सनीचा उपचार हुबेहूब तोच आहे. पाठीमागे लागलेलीला फसवायचे आणि दुसऱ्या दाराने निघून जायचे. ज्या उलगड्यात लहानपणची ती मुलगी सापडली होती, तिच्याशी या उपचाराचा काही संबंध उरत नाही. वध पुतळ्याचा झाला. आई-वडिलांनी उचलून नेलेली मुलगी, रात्रंदिवस कामात असलेला नवरा, हे सगळे पूर्वेच्या दाराशी तसेच बसून आहे. सनीने निदान मानसशास्त्राने केले आणि उपचार देवळाकडून उसना घेतला. मांत्रिकाला सोबत घेण्याला माझा आक्षेप नाही. लोक आधी तिथेच जातात, आणि शिकलेल्या माणसाने त्यांना हिणवून काही साधत नाही. मात्र त्याच तमिळनाडूत एर्वाडीला 6 ऑगस्ट 2001 रोजी साखळ्यांनी बांधलेले 28 मनोरुग्ण आगीत गेले, हेही विसरता येत नाही. आक्षेप आहे तो या सगळ्यात गंगेला कुणी काही विचारले नाही याला. तिच्या संमतीविना, तिच्या हातात तलवार देऊन, तिच्या नवऱ्याचा जीव एका फळीच्या बिजागरीवर टांगला गेला.

सनीच्या धाडसाला कुणी "थांब" म्हणत नाही, कारण त्याच्या वर कुणी नाही. प्रशिक्षणाच्या दोन वर्षांत प्रत्येक रुग्णामागे एक सुपरव्हायजर असतो. काय बोललात, का बोललात, तिथे गप्प का बसलात, हे तो विचारत राहतो. विद्यार्थ्यांना हा भाग नकोसा होतो. चित्रपटात तर तो घालणे अशक्यच, कारण त्याने कथेचा वेग मरतो. सनीने ही केस एखाद्या सोमवारी सकाळच्या बैठकीत मांडली असती तर नाचाबद्दल कदाचित कुणी विचारलेही नसते. पहिला प्रश्न आला असता : गंगेची पुढची भेट कोणत्या तारखेला ठेवली आहे? आणि दुसरा : श्रीदेवीशी कोण बोलले?