‘बाजार’मधली नजमा आणि आपण

सागर सरहदी यांचा ‘बाजार’ (१९८२) आम्ही पुन्हा पाहिला. हैदराबादची गरीब घरची शबनम, आखातात पैसा कमावून आलेला प्रौढ शाकिर अली आणि हे स्थळ जुळवणारी नजमा. पूर्वी आम्हाला राग आला होता तो शाकिर अलीचा. या खेपेस नजर स्मिता पाटील यांच्या नजमावर खिळली. ती दुष्ट नाही. स्वतःचे घर व्हावे, या आशेने ती दुसरीचे आयुष्य पणाला लावते. शबनम जीव देते, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

निकाहला वधूची संमती लागते. पण वकील व साक्षीदार तिला विचारायला येतात, तेव्हा बाहेर दस्तरख्वान अंथरलेले असते. अशा वेळी ‘नाही’ म्हणायची सोय कुठे उरते? तिच्या मौनालाच आपण ‘कबूल’ समजतो. मेहर कागदावर, हुंडा मात्र रोखीत!

‘हे हैदराबादचे दुखणे’ म्हणून आपण सुटका करून घेतो. परंतु पगार विचारून स्थळे सुचवणाऱ्या खाला-फुफी आपल्याच घरात आहेत. मुलीला विचारायचे ते पैगाम येताच. निकाहच्या दिवशी तो केवळ उपचार ठरतो.